शाईनेच शाई धुताना

दौतीत बोरू बुडवून लिहिणाऱ्या माणसाला लेखणी केव्हा धुवावी हे कुणी शिकवावे लागत नसे. बोरूचे टोक त्याच्या डोळ्यांसमोर असे. शाई वाळून टोकावर पापुद्रा धरला की अक्षर फाटू लागे, आणि अक्षर फाटू लागले की हात आपोआप पाण्याच्या वाटीकडे जाई. पुढे फाउंटन पेने आली. त्यांची निबे आम्ही शाळकरी मुले रविवारी सकाळी कोमट पाण्यात घालून ठेवीत असू, आणि निळ्या रेघा पाण्यात हळूहळू उतरताना पाहण्यात आमचा अर्धा तास सहज जाई. आजची लेखणी मात्र पेटीत बंद आहे. घरोघरी आणि दुकानोदुकानी दिसणारा शाईचा प्रिंटर, ज्याला इंकजेट म्हणतात, तो वास्तविक शेकडो सूक्ष्म लेखण्यांचा एक जुडगाच होय; परंतु त्यांतल्या एकीचेही टोक आपल्या दृष्टीस पडत नाही. ती धुवायची तर संगणकाच्या पडद्यावरचे एक बटण दाबावयाचे. वाटी नाही, पाणी नाही, बोटांना डाग नाही. आत काहीतरी घरघरते, दोनएक मिनिटांनी थांबते, आणि धुणे झाले असे आपण समजतो.

ते धुणे कशाने झाले, आणि धुऊन निघालेला मळ गेला कुठे, हे दोन प्रश्न मला पुष्कळ वर्षे पडलेच नव्हते. ते पडले २०२० सालच्या जून महिन्यात.

मी नागपूरला राहतो. त्या वर्षी २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली, आणि माझा प्रिंटर मागच्या खोलीत जो कापड पांघरून बसला तो पुढे तीन महिने कुणी उठविला नाही. नागपूरच्या वैशाखाविषयी इंदूरच्या किंवा दिल्लीच्या श्रोत्यांना काही सांगायला नको. मुंबईकरांना मात्र सांगावे लागेल की, त्या दिवसांत दोरीवर घातलेल्या धोतराचे दुसरे टोक पसरेपर्यंत पहिले वाळलेले असते. जूनअखेरीस शाळा मोबाइलवर भरू लागल्या. आमच्या शेजारची मुलगी तेव्हा चौथीत होती. घरात मोबाइल एक, आणि तोही दिवसभर वडिलांच्या खिशात. तिची आई दाराशी येऊन म्हणाली, "काका, शाळेनं पाठवलेली पानं तेवढी छापून द्याल का? रात्री हे आले की मोबाइलवर बघते, पण तोवर हिची झोपायची वेळ होते."

पाने एकंदर अकरा होती. अखेरच्या पानावर महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा होता आणि तोच दुसऱ्या दिवशी भरून पाठवावयाचा होता. मी मोठ्या ऐटीत प्रिंटर सुरू केला. काळी अक्षरे थोडी खरचटलेली, पण वाचण्याजोगी उमटली. नकाशा मात्र बाहेर आला तो विलक्षणच. कोकणची हिरवी किनारपट्टी पिवळी पडली होती, आणि तिच्या पश्चिमेस नुसता कोरा कागद होता. मुलीने पान हाती घेतले, उलटसुलट केले आणि विचारले, "आजोबा, समुद्र कुठे गेला?"

समुद्र वाळला होता, हे उत्तर अगदी शब्दशः खरे होते. ते कसे, हे समजण्यासाठी आपण त्या पेटीच्या आत थोडे डोकावू.

या यंत्रात मुख्यतः चार शाया असतात: काळी, पिवळी, एक किरमिजी आणि एक आकाशी निळी. किरमिजीला मजेंटा आणि आकाशीला सायन अशी नावे आहेत. आपल्याला दिसणारा प्रत्येक रंग या चौघींच्या ठिपक्यांच्या दाटीविरळीतून होतो. हिरवी छटा हवी असेल तर आकाशीचे आणि पिवळीचे ठिपके शेजारीशेजारी पडतात. तेव्हा एक आकाशी शाई अडली की समुद्र तर जातोच, पण सगळी हिरवाईही पिवळी पडते. नकाशावर झाले ते हेच.

हे ठिपके टाकणारा भाग म्हणजे प्रिंट-हेड, अथवा नुसते हेड. कागदावरून डावीउजवीकडे धावणाऱ्या गाड्यावर ते बसविलेले असते. त्याच्या तळाशी छिद्रांच्या रांगा असतात, त्या छिद्रांना नोझल म्हणतात. छिद्रांची संख्या यंत्रागणिक काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत जाते. एका छिद्राचा व्यास साधारणतः २० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत तीन-चार छिद्रे ओळीने मावतील इतका. त्यातून पडणारा थेंब पिकोलिटरमध्ये मोजतात. पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा एक लक्ष कोटीवा भाग. पाच पिकोलिटरचा एक थेंब धरला, तर चहाच्या एका चमच्यात असे शंभर कोटी थेंब भरतील. एवढ्या बारीक वाटेत वाळलेल्या शाईचा कण म्हणजे घाटरस्त्यात कोसळलेली दरडच समजावी.

इतका लहान थेंब हुकमाबरोबर बाहेर फेकावयाचा कसा, याचे कोडे पुष्कळ जुने आहे. समुद्राखालच्या तारेने येणारे क्षीण संदेश कागदावर उतरविण्यासाठी विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८६७ साली एक यंत्र सिद्ध केले. त्यात बारीक काचनळीतून विद्युद्भारित शाई कागदावर उडत असे. लेखणी कागदाला टेकतच नसे, कारण टेकली असती तर त्या क्षीण प्रवाहाला ती हलविताच आली नसती. विसाव्या शतकाच्या मध्यास स्वीडनमधील रूने एल्मक्विस्ट यांनी शाईच्या फवाऱ्याने आलेख काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. याच एल्मक्विस्टांच्या हातचा पेसमेकर १९५८ साली प्रथमच एका रुग्णाच्या शरीरात बसविण्यात आला. हृदयाचा आलेख काढणारे हात हृदयाला चालना देण्याकडे वळले, ही हकीकत मला नेहमीच मोठी गोड वाटत आली आहे. असो.

आपल्या टेबलावरच्या प्रिंटरांत थेंब फेकण्याच्या दोन तऱ्हा आढळतात. पहिली उष्णतेची. जपानमधील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७७ साली डाखकामाचे तापलेले हत्यार शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला चुकून लागले आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. इचिरो एंडो यांनी त्या अपघातातले मर्म ओळखले. छिद्रामागे चिमुकली तापपट्टी बसवावी, तिला क्षणाच्या काही लक्षांश भागापुरता विजेचा झटका द्यावा, शाईत वाफेचा बुडबुडा फुलावा आणि त्याने थेंब ढकलून द्यावा, अशी ही योजना. ह्युलेट-पॅकार्ड या अमेरिकी कंपनीतही स्वतंत्रपणे हाच विचार झाला आणि १९८४ साली तिचा थिंकजेट नावाचा प्रिंटर बाजारात आला. दुसरी तऱ्हा दाबाची. आपल्या स्वयंपाकघरात गॅस पेटविण्याचा जो खटक्याचा लायटर असतो, त्यात एका स्फटिकासारख्या तुकड्यावर आघात होतो आणि त्यातून ठिणगीपुरती वीज निघते. हा गुण प्येर आणि जाक क्युरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिला. हीच क्रिया उलटी केली, म्हणजे तुकड्याला वीज दिली, तर तो किंचित वाकतो. शाईच्या कोठडीची भिंत अशा तुकड्याने वाकविली की थेंब बाहेर पडतो. एप्सन कंपनीचे प्रिंटर या तऱ्हेचे असतात.

हा भेद केवळ कुतूहलाचा नव्हे. उष्णतेच्या तऱ्हेत शाई हीच तापपट्टीला थंडही ठेवते. शाई आली नाही आणि हुकूम मात्र येत राहिले, तर पट्टी जळून जाते. दाबाच्या तऱ्हेत शाईऐवजी कोठडीत हवा शिरली, तर हवा नुसती दबते आणि सुटते, थेंब काही बाहेर पडत नाही. शिवाय काही प्रिंटरांत हेड हे शाईच्या डबीलाच, म्हणजे कार्ट्रिजलाच, जोडलेले असते. ते बिघडले तर नवी डबी घातली की नवे हेड आले. जेथे हेड यंत्राचेच अंग असते, तेथे ते बदलण्याचा खर्च ऐकून माणूस नव्या प्रिंटरची चौकशी करू लागतो. मोठ्या टाकीचे, बाटलीने शाई भरावयाचे जे प्रिंटर गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडे गावोगाव पोहोचले, त्यांतील पुष्कळांचे हेड असे यंत्रातच बसविलेले आहे. तहसील कचेरीसमोर अर्ज भरून देणाऱ्याचा, किंवा शाळेच्या फाटकाशी झेरॉक्सचे दुकान चालविणाऱ्या बाईचा दिवसाचा रोजगार त्या एका हेडवर उभा असतो.

आता शाई वाळते कशी, ते पाहू. घरगुती प्रिंटरच्या शाईत मुख्य भाग पाण्याचा असतो. त्यात रंग असतो, आणि ओलावा धरून ठेवणारे ग्लिसरीनच्या जातीचे पदार्थही मिसळलेले असतात. छिद्राच्या तोंडाशी हवा लागते. तेथले पाणी उडून गेले की उरलेली शाई प्रथम काकवीसारखी दाट होते, मग चिकट होते, आणि शेवटी तिची खपली बनते. हे होऊ नये म्हणून काम संपताच हेड आपल्या घरी, बहुधा उजव्या कोपऱ्यात, जाऊन बसते आणि खालून रबरी काठाचे एक टोपण त्याला घट्ट लागते. फाउंटन पेनाला टोपण असते तसेच. परंतु टोपण लावलेले पेनही तीन महिन्यांनी लिहीत नाही, हे आपण जाणतोच.

आता संगणकाकडे वळू. विंडोज असलेल्या संगणकावर 'सेटिंग्ज' उघडावी. तीत 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' आणि त्यात 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' असे दालन सापडते. तेथे आपल्या प्रिंटरचे नाव निवडावे आणि 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' दाबावे. एक चौकट पुढे येते. तिच्या माथ्यावर 'मेंटेनन्स' असा शब्द दिसेल. आपल्याला हवे ते सारे त्याच्या पोटात आहे. ॲपलच्या संगणकावर 'सिस्टिम सेटिंग्ज'मधून 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्ये जावे, प्रिंटर निवडून 'ऑप्शन्स अँड सप्लाइज' उघडावे आणि तेथील 'युटिलिटी'मधून प्रिंटरची स्वतःची खिडकी उघडावी. काही कंपन्यांनी हीच व्यवस्था आपल्या निराळ्या ॲपमध्ये ठेवली आहे. पुष्कळांना मेंटेनन्सचे पान सापडतच नाही आणि ते हताश होतात. त्याचे कारण बहुधा एवढेच की, संगणकाने प्रिंटर ओळखताना स्वतःजवळचा सर्वसामान्य ड्रायव्हर बसविलेला असतो. त्या ड्रायव्हरला छापणे तेवढे येते, यंत्राची देखभाल येत नाही. कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर बसविला की ते पान उगवते. तेही न जमले तर बहुतेक प्रिंटरांच्या अंगावरच्या बटणांतून हेच काम करता येते.

या पानावर दोन नावे शेजारीशेजारी असतात. एक 'नोझल चेक' आणि दुसरे 'हेड क्लीनिंग'. श्रोतेहो, या दोहोंतील पहिल्याला हात न लावता थेट दुसऱ्यावर जाणे, ही आपणां सर्वांची चूक. मीही तीच केली.

नोझल चेक म्हणजे त्या न दिसणाऱ्या टोकांचे दर्शन. यंत्र एका कागदावर चारी शायांत बारीक रेघांची जाळी छापते. पुष्कळ यंत्रांत ती पायऱ्यापायऱ्यांसारखी दिसते, आणि तिच्यातील एकेक तुटक रेघ म्हणजे एकेका छिद्राची हजेरी असते. रेघ आहे, तर छिद्र मोकळे. रेघ गाळलेली आहे, तर तेवढे छिद्र गैरहजर. या पाहणीला शाई नखभरही लागत नाही. पिवळ्या रेघा पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत अशी पुष्कळांची तक्रार असते. आरास करताना आपण जिलेटीनचा रंगीत कागद वापरतो, त्यातला निळा तुकडा डोळ्यांपुढे धरून पाहावे. पिवळ्या रेघा काळपट होऊन स्वच्छ उठून दिसतात. पिवळी शाई निळा प्रकाश शोषून घेते, त्याचा हा गुण.

आणि समजा, जाळी कुठेही न तुटता पूर्ण आली, तरीही छपाई वाईट आहे. तर मग दोष हेडचा नाही, आणि ते कितीही धुतले तरी काडीचा उपयोग नाही. कागदाचा प्रकार चुकीचा निवडला असेल, कागद उलट्या बाजूने घातला असेल, अथवा अक्षरांच्या कडा दुहेरी येत असतील तर हेडची जुळणी, जिला 'अलाइनमेंट' म्हणतात, ती ढळली असेल. धुण्याने जुळणी होत नाही.

जाळीत खाडे दिसले तर मात्र 'हेड क्लीनिंग' दाबावे. आता आत काय घडते ते ऐका. हेड घरी जाऊन बसते. रबरी टोपण त्याला खालून घट्ट चिकटते. टोपणाला एक नळी असते आणि नळीला एक लहानसा पंप. तो पंप फिरू लागला की छिद्रांच्या खालून ओढ लागते आणि वरची ताजी शाई टाकीतून, नळ्यांतून, कोठड्यांतून खेचली जाते. वाळलेल्या कणाला ती भिजविते, सैल करते आणि आपल्याबरोबर वाहून नेते. मग रबराची एक पट्टी हेडच्या तळावरून फिरते आणि ओघळ पुसून घेते. शेवटी प्रत्येक छिद्र थोडेथोडे थेंब थुंकून मोकळे होते, आणि टोपण पुन्हा बसते.

म्हणजे धुणे झाले ते शाईनेच. पाण्याचा थेंब नाही, साबण नाही, कसलेही औषध नाही. ज्या शाईला आपण पैसे मोजले, तीच शाई येथे पाणी म्हणून खर्च होते. आणि पुष्कळ यंत्रांत अडलेली असते एक, पण ओढल्या जातात चारही. डबीच्या प्रिंटरात मुळात शाई असते काही मिलिलिटर, तेव्हा तेथे चार वेळा धुणे म्हणजे केवढा भाग गेला, ते आपणच ताडावे. जेथे नुसती काळी किंवा नुसती रंगीत निवडण्याची सोय दिली असेल, तेथे ती जरूर वापरावी.

माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे असे मिळाले. पण ते मिळण्यापूर्वी, त्या जूनच्या संध्याकाळी, मी काय केले? मुलगी शेजारी स्टुलावर बसली होती. मी हेड क्लीनिंग दाबले. नकाशा छापला. समुद्राच्या जागी दोनचार निळे ओरखडे आले. ती आनंदली. मलाही हुरूप आला. मी पुन्हा दाबले, पुन्हा छापले. समुद्र निम्मा आला. तिसऱ्यांदा थोडा अधिक. अशा वेळी मनुष्याला जुगाऱ्याची बुद्धी होते. आणखी एकदा, आता एकदाच, म्हणून मी चौथ्यांदा दाबले, पाचव्यांदा दाबले. पाचव्या खेपेस समुद्र पुन्हा आटला, आणि आजवर शहाणी असलेली किरमिजीही तुटू लागली. सातव्या वेळेनंतर मी टाक्यांकडे पाहिले, तर चारींची पातळी डोळ्यांना दिसेल इतकी उतरली होती. पिवळी तर तळच्या रेघेला टेकली होती, आणि पिवळीचा तर काहीच अपराध नव्हता.

मी ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. तरुण मुलगा. त्याने एकच विचारले, "काका, मधे किती वेळ थांबलात?" मी म्हटले, थांबलो नाही. "मग आता त्याच्या वाटेला जाऊ नका. त्याच्याच बटणानं बंद करा आणि सकाळपर्यंत हात लावू नका. वाळलेलं भिजायला वेळ लागतो ना? भांडंसुद्धा आपण भिजत घालतो."

करपलेले भांडे घासण्यापूर्वी भिजत घालावे, हे आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होते. आणि मी मात्र ते कोरडेच सात वेळा घासले होते. त्यात आणखी एक गोष्ट घडते. पंपाची ओढ लागोपाठ लागली की शाईबरोबर हवेचे बुडबुडेही नळ्यांत आणि कोठड्यांत येतात, आणि मघा सांगितल्याप्रमाणे हवा आली की थेंब बंद. किरमिजी तुटली ती वाळून नव्हे. बहुधा ती अशा हवेनेच तुटली होती. काही तास स्वस्थता मिळाली की बुडबुडे वर सरतात किंवा विरून जातात, आणि खपलीही ताज्या शाईत मऊ होते.

पुढे मी निरनिराळ्या यंत्रांच्या पुस्तिका काढून वाचल्या. त्या पहिल्या दिवशीच वाचावयाच्या असतात, हे मान्य. त्यांत हेच लिहिलेले आढळले. एप्सनच्या टाकीवाल्या यंत्रांच्या पुस्तिकांत असे आहे की, पाहणी आणि धुणे आळीपाळीने तीन वेळा करूनही गुण आला नाही, तर निदान १२ तास छपाई न करता थांबावे आणि मग पुन्हा पाहावे. कॅननच्या पुस्तिका सांगतात की, दोन वेळा साध्या धुण्याने भागले नाही तर 'डीप क्लीनिंग', म्हणजे खोलवरचे धुणे, करावे. आणि तरीही जमले नाही तर यंत्र बंद करून २४ तासांनी पुन्हा एकवार तेच करावे. आकडे यंत्रागणिक भिन्न आहेत, परंतु धुण्यांच्या मध्ये पाहणी आणि पाहणीनंतर विश्रांती हा क्रम सर्वत्र एकच आहे.

या खोलवरच्या धुण्याविषयी एक सावधगिरीचा शब्द. टाकीच्या काही यंत्रांत 'पॉवर क्लीनिंग' म्हणून एक अखेरची तजवीज असते. तीत नळ्यांमधली सर्व शाई काढून टाकून तिच्या जागी नवी भरली जाते. म्हणून टाक्या निदान एक तृतीयांश भरलेल्या असल्यावाचून ती करू नये, अशी सूचना असते. टाकी रिकामी असताना ही आज्ञा दिली तर नळ्यांत शाईऐवजी हवाच भरते, आणि दुखणे होते त्याहून वाढते. बाजारात हेड धुण्याची म्हणून निरनिराळी द्रावणे मिळतात. सुईने, टाचणीने, उकळत्या पाण्याने हेड मोकळे करण्याचे उपायही लोक एकमेकांना सांगत असतात. ज्या छिद्रांत केसही जाणार नाही त्यांत टाचणी घालण्याचे धैर्य मला नाही. ज्यांना आहे, त्यांना मी काय सांगणार? तसेच भिन्न जातीच्या दोन शाया एकत्र येऊ देऊ नयेत. काही शायांत रंग विरघळलेला असतो आणि काहींत त्याचे सूक्ष्म कण तरंगत असतात. त्या परस्परांत मिसळल्या तर आतल्या आत गुठळी धरू शकते, आणि ती कोणत्याच बटणाने निघत नाही.

आता राहिला दुसरा प्रश्न. धुतलेली शाई जाते कुठे? ती यंत्राबाहेर जात नाही. पेटीच्या तळाशी वाकळीसारखी जाड शोषक गादी घातलेली असते, तिच्यात ती मुरत जाते. प्रत्येक धुण्यागणिक गादी थोडी भरते, आणि यंत्राच्या आतला एक मोजणीस त्याचा हिशेब ठेवीत असतो. हिशेब पूर्ण झाला की यंत्र संदेश देऊन काम थांबविते, कारण त्यापुढे शाई टेबलावर पाझरण्याची भीती. अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत ही गादी एका सुट्या डबीत असते आणि ती घरच्या घरी बदलता येते. माझे यंत्र तसे नव्हते. माझ्या पराक्रमाचे बिल मला २०२२ साली आले. एरवी धडधाकट असलेला प्रिंटर एका सकाळी लाल दिवा लावून बसला आणि गादी बदलून आणेपर्यंत काही केल्या हलला नाही. दुरुस्तीच्या दुकानात ती जुनी गादी मला दाखविण्यात आली. कोळशासारखी काळी आणि हाताला जड. मी तिच्याकडे पाहत राहिलो. तिच्यात किती नकाशांचे समुद्र मुरले होते कोण जाणे!

धुण्याची वेळच कमी यावी असे वाटत असेल, तर दोन गोष्टी जपाव्या लागतात. पहिली म्हणजे, प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा, भिंतीवरच्या खटक्याने नव्हे. स्वतःच्या बटणाने बंद केला तर तो आधी हेड घरी नेतो, टोपण लावतो आणि मगच निजतो. भिंतीवरचा खटका ओढला तर गाडा जेथे असेल तेथेच अडतो आणि छिद्रे उघडी पडतात. छपाई चालू असताना वीज गेली तरी नेमके हेच होते. आपल्याकडे वीज कुणाला विचारून जात नाही. तेव्हा ती परत आली की यंत्र एकदा सुरू करावे, हेड जागेवर जाऊ द्यावे आणि मग पुन्हा रीतीने बंद करावे. दुसरी गोष्ट म्हणजे, आठवड्यातून निदान एकदा चारी रंग असलेले एखादे पान छापावे. एवढ्या पानाला जी शाई लागते, ती एका धुण्याला लागणाऱ्या शाईपुढे अगदीच क्षुल्लक. कोकणातल्या दमट हवेत आठवड्याचे पंधरा दिवस झाले तरी कदाचित चालेल. राजस्थानाच्या किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात मात्र आठवडा चुकवू नये. मी दर गुरुवारी पंचांगाचे पान रंगीत छापून भिंतीला लावतो. त्यात माझे पंचांगही होते आणि यंत्राचे औषधपाणीही.

त्या रात्री मी प्रिंटर बंद केला आणि मुलीला रिकाम्या हाताने घरी पाठविले. "समुद्र उद्या येईल," एवढेच तिला सांगितले. तिचा त्यावर विश्वास बसला असावा असे तिच्या चेहऱ्यावरून दिसले नाही. सकाळी साडेसातला मी पाहणीचे पान काढले. आकाशीच्या पाच रेघा गाळलेल्या होत्या. किरमिजी आपोआप पूर्ण झाली होती. मग एकदाच, अगदी एकदाच, धुण्याची आज्ञा दिली आणि पुन्हा पाहणी केली. दोन रेघा उरल्या. दोन रेघांनी नकाशाचे काही बिघडत नाही, म्हणून मी तेथेच थांबलो.

आठच्या सुमारास ती आली. नकाशा छापला. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगत निळे पाणी उभे होते, त्यात जवळून पाहिले तर केसाएवढ्या दोन पांढऱ्या फटी. तिने त्या बरोबर हेरल्या, माझ्या टेबलावरची निळी पेन्सिल उचलली, आणि फटी बुजवूनच पान घरी नेले.